हृदयावर शस्त्र धरणारे हात

मनुष्याच्या शरीरातील जो प्रदेश शस्त्रवैद्यकाला सर्वांत शेवटी खुला झाला, तो म्हणजे छातीची पोकळी. मूत्राशयातील खडा काढणे, निकामी झालेला अवयव तोडणे, पोट उघडून आतील दुखणे दूर करणे ही कामे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शस्त्रवैद्यांच्या हातांत रुळली होती. बरगड्यांच्या पिंजऱ्याआड असलेली फुप्फुसे आणि हृदय यांना मात्र हात लावण्यास कोणी धजत नसे. आज छाती व हृदय यांची शस्त्रक्रिया ही वैद्यकाची एक प्रतिष्ठित शाखा आहे, आणि दरवर्षी काही तरुण-तरुणी तिच्याकडे जाण्याचा विचार करतात. त्यांच्यापुढे परीक्षा, शिक्षणाची वर्षे आणि पुढील प्राप्ती यांचा हिशेब मांडला जातो, आणि तो मांडलाच पाहिजे. परंतु या शाखेचा इतिहास त्याखेरीज आणखी एक प्रश्न विचारतो. रुग्ण हातात दगावल्यानंतर शस्त्र पुन्हा उचलावे की खाली ठेवावे, हा तो प्रश्न. या शाखेत ज्यांची नावे राहिली, त्यांतील बहुतेक प्रत्येकाला त्याचे उत्तर द्यावे लागले, आणि सर्वांनी दिलेले उत्तर एकच नव्हते.

छाती इतकी दुर्गम का राहिली, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. फुप्फुस स्वतःच्या बळावर फुगत नाही. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधील फटीत हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी असतो, आणि त्यामुळे ते ताणलेले राहते. छातीला छेद दिला की बाहेरची हवा त्या फटीत शिरते, फुप्फुस आकसते आणि रुग्ण गुदमरतो. हृदयाची अडचण वेगळी. ते क्षणभरही थांबत नाही, रक्ताने भरलेले असते, आणि ते थांबविले तर काही मिनिटांतच मेंदूची कायमची हानी होते. 1896 मध्ये इंग्लंडमधील शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनी छातीच्या शस्त्रक्रियेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदयाच्या बाबतीत निसर्गाने आखून दिलेल्या मर्यादेपर्यंत शस्त्रक्रिया बहुधा येऊन पोहोचली आहे, असा अभिप्राय त्यांनी त्यात दिला होता. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे तो अवास्तव नव्हता. परंतु त्याच वर्षी, 9 सप्टेंबर रोजी, जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन यांच्यापुढे छातीत सुरा लागलेला एक तरुण आणण्यात आला. हृदयाच्या उजव्या कप्प्याला जखम होती आणि रुग्ण मरणाच्या दारात होता. रेन यांनी छाती उघडली आणि धडधडत्या हृदयावर रेशमाचे तीन टाके घातले. रुग्ण जगला. हृदयाला सुई लागली की ते बंद पडते, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली.

तथापि जखमेवर टाका घालणे निराळे आणि विचारपूर्वक छाती उघडून रोगावर उपचार करणे निराळे. त्यासाठी फुप्फुसाचा प्रश्न सुटणे आवश्यक होते. 1904 मध्ये ब्रेस्लाऊ येथे फर्डिनांड झाउअरब्रुख या तरुण शस्त्रवैद्याने, आपले गुरू मिकुलिक्झ यांच्या हाताखाली काम करीत असता, एक विलक्षण खोली तयार केली. रुग्णाचे धड आणि शस्त्रवैद्य खोलीच्या आत, आणि रुग्णाचे डोके मात्र भिंतीतील छिद्रातून बाहेर. आतील हवेचा दाब कमी ठेवलेला असल्यामुळे छाती उघडली तरी फुप्फुस आकसत नसे. ही युक्ती खरी असली तरी अवजड होती. पुढे श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसात दाबाने हवा भरण्याची पद्धत आली, आणि ती खोली इतिहासजमा झाली. छातीच्या शस्त्रवैद्याला वाट मोकळी करून दिली ती भूल देणाऱ्या वैद्याने, ही गोष्ट या शाखेचा विचार करणाऱ्याने आरंभीच लक्षात ठेवावी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छातीच्या शस्त्रवैद्याचे मुख्य काम म्हणजे क्षय. त्या रोगावर औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच आधार असे, आणि तो पुरेसा न पडल्यास रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून ते हवा भरून दाबण्यात येई, किंवा अनेक बरगड्या काढून छातीची भिंतच आत बसविण्यात येई. मिरजेस विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेले रुग्णालय आणि त्यांच्या नावाने वसलेल्या वॉन्लेसवाडीचे क्षयरुग्णालय सांगली-बेळगाव भागातील जुन्या पिढीला चांगले ठाऊक होते. क्षयाचे नाव उच्चारतानाही घरातील माणसे आवाज खाली आणीत, असा तो काळ होता. 1943 मध्ये अमेरिकेतील रट्गर्स येथे स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड वापरात आले. त्यानंतर बरगड्या काढण्याची शस्त्रक्रिया थोड्याच वर्षांत मागे पडली. ज्यांनी आयुष्य तीत घालविले, त्यांचे कौशल्य औषधाच्या गोळ्यांनी अनावश्यक करून टाकले. रुग्णांच्या दृष्टीने ती आनंदाचीच गोष्ट होती. परंतु शस्त्रवैद्याला जन्मभर एकाच शस्त्रक्रियेवर विसंबून राहता येत नाही, हा धडाही तीत होता.

याच काळात फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेलाही आरंभ झाला. 5 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी एका रुग्णाचे कर्करोगग्रस्त संपूर्ण फुप्फुस एकाच वेळी काढले. रुग्ण स्वतः वैद्य होता. तो पुढे तीस वर्षे जगला. ग्रॅहम स्वतः धूम्रपान करीत. 1950 मध्ये अर्न्स्ट वाइंडर यांच्यासह धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा निबंध त्यांनी प्रसिद्ध केला, आणि 1957 मध्ये त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ज्याचे फुप्फुस त्यांनी काढले होते, तो रुग्ण त्यांच्यानंतर सहा वर्षे हयात होता.

हृदयाच्या शस्त्रक्रियेचा मार्ग याहून बिकट होता. बालपणी संधिज्वर झालेल्या कित्येकांच्या हृदयातील एक झडप पुढे चिकटून अरुंद होते. रक्त फुप्फुसात साचते, दम लागतो, आणि त्या काळी असे रुग्ण ऐन तारुण्यात मरत. ही झडप मोकळी करता येईल का, हा प्रश्न होता. 20 मे 1923 रोजी बॉस्टन येथे इलियट कटलर यांनी एका 12 वर्षांच्या मुलीच्या हृदयात बारीक सुरी घालून झडप कापली. मुलगी शस्त्रक्रियेतून वाचली आणि चार वर्षांहून अधिक जगली. परंतु तिच्यानंतरचे रुग्ण एकामागून एक दगावले, आणि कटलर यांनी हा प्रयत्न सोडून दिला. 1925 मध्ये लंडन येथे हेन्री सूटर यांनी सुरीऐवजी स्वतःचे बोट हृदयाच्या कप्प्यात घालून झडप मोकळी केली. ती रुग्णही वाचली. पद्धत बरोबर होती, हात कुशल होता, निकाल चांगला होता. तरीही सूटर यांच्याकडे दुसरा रुग्ण कोणीच पाठविला नाही. दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, असे त्या वेळचे बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ मानीत. सूटर यांची वाट त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ओस पडली.

दुसऱ्या महायुद्धाने ही कोंडी काही अंशी फोडली. इंग्लंडमधील अमेरिकन लष्करी रुग्णालयात ड्वाइट हार्केन यांनी जखमी सैनिकांच्या हृदयातून आणि त्याच्या आसपासच्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून गोळ्यांचे व बाँबचे 134 तुकडे काढले, आणि त्यांत एकही सैनिक दगावला नाही. हृदय हाताळता येते, हे आता निर्विवाद झाले. युद्धानंतर झडपेचा प्रश्न पुन्हा पुढे आला. फिलाडेल्फिया येथील चार्ल्स बेली यांचे वडील याच रोगाने, रक्ताच्या गुळण्या टाकीत, बेली लहान असतानाच वारले होते. 1945 पासून बेली यांनी झडप मोकळी करण्याचे प्रयत्न केले आणि पहिले तीन रुग्ण दगावले. सहकारी त्यांना खाटीक म्हणू लागले, रुग्णालयांची दारे बंद होऊ लागली. 10 जून 1948 रोजी त्यांनी एकाच दिवशी शहरातील दोन निरनिराळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरविल्या. कारण पहिली फसल्याचे कळताच दुसरी करू दिली जाणार नाही, ही त्यांना खात्री होती. सकाळचा रुग्ण गेला. दुपारी, ती बातमी पसरण्याच्या आत, त्यांनी 24 वर्षांच्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. ती स्त्री त्यानंतर 38 वर्षे जगली.

ही कथा धैर्याची म्हणून सांगितली जाते. परंतु ती ऐकताना मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही, आणि तसे होणेच योग्य आहे. दुपारची ती स्त्री वाचली नसती, तर बेली यांच्याविषयी इतिहासाने काय म्हटले असते? यशाने मागील चारही मृत्यूंना अर्थ दिला. पण सकाळच्या रुग्णाला दुपारच्या यशाचा काही उपयोग नव्हता. बेली यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की, ते रुग्ण शस्त्रक्रियेवाचूनही फार काळ जगणारे नव्हते, आणि प्रत्येक अपयशातून त्यांनी आपली पद्धत बदलली होती. बेली यांच्यानंतर सहाच दिवसांनी हार्केन यांनाही ही शस्त्रक्रिया साधली. परंतु त्यांच्या पहिल्या दहा रुग्णांपैकी सहा दगावले. युद्धात एकही सैनिक न गमावलेल्या हार्केन यांनी आता ही शस्त्रक्रिया सोडण्याचा निश्चय केला. लॉरेन्स एलिस या हृदयरोगतज्ज्ञाने त्यांची समजूत घालून त्यांना परत आणले. शस्त्र उचलण्याचा निर्णय हाताचा असतो; पण तो घेण्यास मदत करणारा, रुग्णाला आणि शस्त्रवैद्यालाही ओळखणारा सहकारी लागतो.

सहकाऱ्यांचे हे महत्त्व बॉल्टिमोर येथील एका शस्त्रक्रियेत अधिकच उघड दिसते. काही मुले जन्मतः निळसर असतात. हृदयातील दोषामुळे त्यांच्या फुप्फुसांत पुरेसे रक्त पोहोचत नाही. बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या छातीवर बोटे ठेवून हृदयाचे ठोके ओळखीत. अशा मुलांच्या फुप्फुसाकडे रक्ताची एक नवी वाट काढून देता येईल, ही कल्पना त्यांनी शस्त्रवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे मांडली. तिचे प्रयोग कुत्र्यांवर करून टाक्यांची रीत बसविली ती व्हिव्हियन थॉमस यांनी. थॉमस हे कृष्णवर्णीय, सुतारकाम शिकलेले. वैद्यकीय शिक्षणाची त्यांची आशा आर्थिक मंदीत बुडाली होती. 29 नोव्हेंबर 1944 रोजी ब्लेलॉक यांनी एका तान्ह्या मुलीवर ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे चौरंगावर उभे राहून टाका कोठे व कसा पडावा हे सांगत होते. शस्त्रक्रियेला नाव मिळाले ते ब्लेलॉक आणि टॉसिग यांचे. थॉमस यांनी पुढे कित्येक शस्त्रवैद्यांना शिकविले, परंतु विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली ती 1976 मध्ये. जो हात शस्त्र धरतो त्याच्यामागे असे कितीतरी हात असतात, आणि त्यांचे ऋण मान्य करणे हाही शस्त्रवैद्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

हृदय आतून पाहून दुरुस्त करावयाचे, तर ते रिकामे करावे लागणार, आणि तेवढा वेळ रक्त दुसऱ्या कोणीतरी खेळते ठेवावे लागणार. 1930-31 च्या सुमारास बॉस्टन येथे जॉन गिबन या तरुण वैद्याला एका अत्यवस्थ स्त्रीच्या उशाशी रात्रभर बसावे लागले. तिच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. तिचे रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत शरीरात सोडता आले असते तर ती वाचली असती, हा विचार गिबन यांच्या मनात बसला. पत्नी मेरी यांच्या साहाय्याने त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. 1952 मध्ये यंत्रावर घेतलेले पहिले मूल दगावले. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे 18 वर्षांच्या एका मुलीचे हृदय व फुप्फुसे यांचे काम 26 मिनिटे यंत्राने केले, आणि गिबन यांनी हृदयातील छिद्र शिवून बंद केले. मुलगी बरी झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात दोन लहान मुले दगावली, आणि गिबन थांबले. सुमारे वीस वर्षे ज्या यंत्रासाठी वेचली, ते घेऊन त्यांनी पुन्हा हृदयावर शस्त्रक्रिया केली नाही.

बेली चालत राहिले, गिबन थांबले. यांपैकी कोणाचे बरोबर, असे विचारण्यापेक्षा गिबन यांच्या थांबण्याने काय झाले ते पाहावे. त्यांनी यंत्र लपविले नाही. मेयो क्लिनिकच्या जॉन कर्कलिन यांनी त्याच्याच आधारे सुधारलेले यंत्र 1955 पासून यशस्वी रीतीने वापरले. मधल्या काळात, 1954 मध्ये, मिनियापोलिस येथे वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राऐवजी माणसाचाच आधार घेतला. मुलाचे हृदय उघडे असता त्याचे रक्त आई किंवा बाप यांच्या शरीरातून फिरविण्यात येई. अशा 45 रुग्णांपैकी 28 वाचले. रक्त देणारे कोणी दगावले नाही, पण एकाला गंभीर इजा झाली. एका शस्त्रक्रियेत दोन जीव पणाला लावण्याचा हा मार्ग यंत्रे सुधारताच सोडून देण्यात आला.

भारतात या शाखेची पद्धतशीर सुरुवात 1949 मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाली. रीव्ह बेट्स यांनी तेथे छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग स्थापन केला. पुढे 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई व वेल्लोर येथे यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी हृदयरोपणाचे प्रयोग प्राण्यांवर करीत होते. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण केले. तो रुग्ण 18 दिवस जगला. 17 फेब्रुवारी 1968 रोजी सेन यांनी परळ येथे भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही यशस्वी झाला नाही, आणि सेन थांबले. मेंदू मृत झालेल्या माणसाला मृत मानण्याची तरतूद त्या वेळी आपल्या कायद्यात नव्हती. ती 1994 च्या अवयवरोपण कायद्याने झाली, आणि त्याच वर्षी 3 ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयरोपण केले. परळच्या ऑपरेशन थिएटरात उभे राहिलेल्यांच्या कौशल्याला ज्याची साथ हवी होती, ती औषधे, तो कायदा आणि ती समाजमान्यता यायला 26 वर्षे लागली.

जगातही तसेच घडले. 1968 मध्ये निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे शंभर हृदयरोपणे झाली. बहुतेक रुग्ण लवकरच दगावले, आणि थोड्या वर्षांत जवळजवळ सर्व रुग्णालयांनी तो नाद सोडला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड येथे नॉर्मन शमवे यांनी मात्र काम चालू ठेवले. घाई न करता, रुग्ण निवडून, शरीर परक्या हृदयाला का नाकारते याचा अभ्यास करीत ते पुढे गेले. 1980 च्या अखेरीस सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर रोपण हा खरा उपचार ठरला. चालत राहण्याचा अधिकार शमवे यांना मिळाला तो या अभ्यासामुळे.

आपल्याकडे याचे आणखी एक बोलके उदाहरण आहे. परदेशी कृत्रिम झडपा सामान्य भारतीय रुग्णाला परवडत नसत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशस्त्रवैद्य एम. एस. वलियाथन यांनी अभियंत्यांना बरोबर घेऊन भारतीय झडप घडविण्याचे काम हाती घेतले. आधीची प्रारूपे चाचणीतच मोडली वा झिजली. प्रत्येक वेळी धातू व चकतीचे द्रव्य बदलून पुन्हा आरंभ करावा लागला. 6 डिसेंबर 1990 रोजी ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली, आणि पुढे एक लाखांहून अधिक झडपा वापरल्या गेल्या. येथे अपयश आले ते प्रयोगशाळेत, रुग्णाच्या छातीत नव्हे. बेली यांच्या काळापासून या शाखेने केलेली मोठी प्रगती हीच होय.

आज भारतात या वाटेने जाणाऱ्याला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पहिली पदवी, तीन वर्षांची सामान्य शस्त्रक्रियेची पदवी आणि त्यानंतर तीन वर्षांचे विशेष शिक्षण घ्यावे लागते. काही संस्थांतून पहिल्या पदवीनंतर सलग सहा वर्षांचा क्रमही आहे. म्हणजे स्वतंत्रपणे शस्त्र हाती येण्यापूर्वी वयाची तिशी गाठली जाते. शिवाय क्षयाच्या बाबतीत जे झाले त्याचा प्रत्यय हृदयाच्या बाबतीतही येत आहे. 1977 मध्ये झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची अरुंद रोहिणी फुग्याच्या नळीने रुंद केली, आणि 2002 मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता रक्तवाहिनीतून नवी झडप बसविली. कित्येक रुग्णांना आता शस्त्रवैद्याची गरज भासत नाही. अलीकडच्या वर्षांत आपल्याकडे या विषयाच्या काही जागा रिकाम्या राहू लागल्या आहेत, त्याचे हे एक कारण होय. परंतु जन्मतः सदोष हृदये, संधिज्वराने बिघडलेल्या झडपा, फुप्फुसाचे कर्करोग आणि रोपणाची वाट पाहणारे रुग्ण यांच्यासाठी शस्त्रवैद्य अद्यापि लागतोच.

या वाटेवर पाऊल टाकू इच्छिणाऱ्याने म्हणून आपल्या बोटांची स्थिरता पाहण्याबरोबर मनाचीही परीक्षा घ्यावी. रुग्ण गेला असता त्याचे कारण शोधून सर्वांसमक्ष सांगता येईल काय? सहकाऱ्याचा नकार ऐकून घेता येईल काय? आपले कौशल्य उद्या अनावश्यक ठरले, तर क्षयाच्या शस्त्रवैद्यांप्रमाणे नवे काम शिकता येईल काय? गिबन थांबले आणि शमवे चालत राहिले. त्या दोघांनीही आपला निर्णय घेताना डोळ्यांपुढे ठेवला होता तो पुढच्या खाटेवरचा रुग्ण. त्या रुग्णाला आपल्या शस्त्रवैद्याची कीर्ती ठाऊक नसते, आणि इतिहासही ठाऊक नसतो. भूल चढण्यापूर्वी तो एवढेच धरून चालतो की, हा निर्णय आपल्या हिताचा विचार करून घेतलेला आहे. तो विश्वास खरा ठरविणे, हेच या व्यवसायातील सर्वांत अवघड काम आहे.